मामांचा विलायती चाकू

"त्या माणसाला नवीन चीज देऊ नको मनिषा. ते कुणाला विचारणार न्हाईत," असं माझ्या सासूबाई मला फोनवर म्हणाल्या होत्या. मी म्हटलं, "मामी, चाकूच तर आहे. त्यात विचारायचं काय?" आणि ऑर्डर देऊन टाकली.

चाकू सासऱ्यांसाठी होता. साहेबराव त्यांचं नाव, मी मामा म्हणते, त्यांची लेकरं आबा. दोघं चाकूरला राहतात, आम्ही नांदेडला. मामांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, कालव्यावर गेली. जन्मभर लोक त्यांना विचारत आले, साहेब, पाणी कधी सोडता? त्यामुळे आपणही कधी कुणाला काही विचारावं, ही सवय लागायची राहून गेली. एकदा उमरीला निघालेले मामा जळकोटला उतरले. तिथं एका ओळखीच्याकडे जेवले, परत आले आणि म्हणाले, "तिकडं बी काम होतंच."

त्यांचा जुना चाकू देशी. नांदेडच्या मुज्तबाभाईंनी स्वतः बनवलेला. ट्रकच्या कमानीच्या पाट्याचं पातं, शिसवाची मूठ. पेरू कापायचा, फोडीला मीठ लावायचं, चाकूच्या टोकावरूनच तोंडात टाकायची आणि पात्याची पाठ मांडीवर दाबून खट्कन मिटवायचा. ते खट् ऐकलं की मी आधी त्यांची बोटं बघायचे. त्या चाकूला लॉक नाही, आणि मामांना शुगर. शुगरच्या माणसाच्या बोटाला कापलं तर पुढं काय काय होऊ शकतं, ते मी सगळं वाचलंय. लेकीला भरवताना एक हात मोकळा असतो, त्या हातानं मी असलंच वाचत असते.

म्हणून मी विलायती मागवला. पातं उघडलं की आतली एक पट्टी सरकून त्याच्यामागे बसते. मग कितीही दाबा, पातं बोटावर मिटत नाही. मिटवायचं असेल तर अंगठ्यानं ती पट्टी बाजूला सारायची. सोबतच्या कागदावर हे जगातल्या बऱ्याच भाषांत लिहिलं होतं, फक्त मराठी सोडून.

"आबांना सांग कसा मिटवायचा ते," मी नवऱ्याला म्हटलं.

आनंदराज इंजिनियर आहे. "मी?" तो म्हणाला. "आबांना?"

मग कुणीच सांगितलं नाही. मामा नांदेडला आले, चाकू घेतला, उघडून पाहिला, "चांगला हाय," म्हणाले आणि थेट मुज्तबाभाईंच्या दुकानात गेले. तिथं जे झालं ते मला नंतर खुद्द मुज्तबाभाईंकडून कळलं.

"साहेबराव, हा काय लग्नात मिळाला का?"

"सुनेनं घेतला. विलायती हाय."

"आणि माझ्यात काय खराबी होती?"

"तुझा लई गुणाचा, मुज्तबा. पर तो कुणी बी दाबला की वाकतो. ह्याचा रुबाब बघ. उघडला की उघडला."

"मिटतो कसा पण?"

ह्यावर मामांनी चहा मागवला. चहा येईपर्यंत मुज्तबाभाईंनी चाकू मांडीवर दाबून पाहिला, ऐरणीवर दाबून पाहिला, उलटा धरून फुंकरही मारली. चाळीस वर्षं चाकू करणारा माणूस, तोही कुणाला विचारणाऱ्यातला नाही. शेवटी म्हणाले, "हा मिटायचाच न्हाई, साहेबराव. तिकडं थंडी राहती, लोकांच्या हातात मोजे. मोज्यानं चाकू कसा उघडणार? म्हणून कंपनीच उघडा ठेवून देती."

"मला वाटलंच," मामा म्हणाले. आणि जुना चाकू मुज्तबाभाईंना देऊन ते आमच्या घरी परतले.

आता आमच्या सम्यकाची एक रीत आहे. अडीच वर्षांची आहे. आजोबा दारात आले की चप्पल काढायच्या आधी ती त्यांचा खिसा तपासते. नेहरू शर्टाच्या उजव्या खिशात कोपरापर्यंत हात घालायचा आणि फुटाणे काढायचे. आधीच्या जकात नाक्यावरसुद्धा इतकी कसून झडती होत नसेल.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. सम्यका पळत निघाली आणि मला दिसलं की मामांचा खिसा नेहमीसारखा लोंबत नाहीये. फुगलाय. आणि त्यातून काहीतरी काळं वर आलंय. कुठून बळ आलं माहीत नाही, पोरीचा फ्रॉक मागून धरला आणि ती अधांतरीच राहिली. तिचा हात खिशाच्या काठाला लागला होता.

"येऊ दे की पोरीला," मामा म्हणाले.

"मामा, खिशात काय आहे?"

"पेरू."

"पेरूला मूठ आहे?"

त्यांनी बाहेर काढला. चाकू पूर्ण उघडा, टोक पेरूत खुपसलेलं. पात्याचा पेरूबाहेरचा भाग खिशातच चालत होता. अस्तराला चीर गेली होती, फुटाणे खाली सांडत होते. सम्यका ते वेचायला बसली.

मी म्हटलं, "मामा, हा मिटवा."

"मिटवायचा कशाला? पेरू लावलाय की."

"मिटवा ना."

"तो मिटायचा न्हाई. मुज्तबाला इचार."

आनंदराज टीव्हीवरच्या जाहिरातीकडे अशा एकाग्रतेनं बघत होता की जणू परीक्षेला तीच येणार होती.

"बघू, मला जमतंय का," म्हणून मी चाकू घेतला, अंगठ्यानं पट्टी सारली आणि पातं मिटवलं. मामा माझ्या अंगठ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हां. तसंच. तुला जमंल असं वाटलंच होतं."

"आता तुम्ही करून दाखवा."

"मी काय शाळंत हाय का?"

चाकू माझ्या हातातून घेतला, उघडला, पेरू त्यावर पुन्हा बसवला आणि गच्चीवर निघून गेले. सकाळी मी उठायच्या आत ते लातूरला, माझ्या नणंदेकडे गेले होते. चाकूसकट.

नणंदेला, आम्रपालीला, दोन लेकरं आहेत. धाकटा नुकताच चालायला लागलाय आणि दिसेल त्या खिशात हात घालतो. मी लगेच फोन केला. "वहिनी," ती म्हणाली, "आबांना मी कसं विचारू, चाकू मिटवता येतो का म्हणून?" आनंदराज रोज म्हणतो, उद्या बोलतो. मी मामांनाच फोन लावला तर म्हणाले, "येतंय मला सगळं," आणि ठेवून दिला. येत असेलही. मी अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

घरच्यांच्या हातून हे होणार नाही. म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही लातूरला असाल, औसा रोडच्या बाजूला, तर संध्याकाळी पांढऱ्या नेहरू शर्टातले एक उंच आजोबा ओट्यावर पेरू खात बसलेले दिसतील. जय भीम म्हणा आणि शेजारी बसा. तपासायला आलोय असं म्हणू नका. "आबा, हा विलायती चाकू मिटतो कसा, मला दाखवा की," एवढंच म्हणा आणि त्यांचा अंगठा कुठं जातो ते नीट बघा. फक्त त्याआधी त्यांच्या मांडीवरचं पोर उचलून तुमच्याकडे घ्या.