निहारच्या फोनवरचं गाऱ्हाणं

विद्यापीठाच्या आवारात वाचनालयापासून मैदानापर्यंत बायामाणसांची रांग चालली होती. पुढे कमला, हातात मोबाइल, खांद्याला पिशवी. बाजूला मोरपिसं नाचवत सखाराम बुवा.

"बोल बाय, घाल गाऱ्हाणं!"

"निहार बाळा, आयेचं ऐकतोस ना रे?" कमला मोबाइलवर बोलली. निरोप गेला. एक टिक. मग दोन.

"पोचलं! बाय माझे, पोचलं!" बायका ओरडल्या.

निहार तिचा लेक. इथेच शिकायचा. पावसाळ्यात लेप्टोच्या तापाने गेला. तेव्हापासून कमला त्याच्या नंबरवर बोलत असे. घरून बोलली की एकच टिक, इथे दोन. चालत राहिली तरी दोनच!

"पोरगा संगती चालतोय," बुवा सांगे. "इथल्या राखणदार देवाने धरलाय त्याला. बहीण इथे शिकते ते खपत नाही. विद्यापीठातून तिचं नाव काढ, माझ्या पुतण्याशी लग्न लाव. टिका निळ्या होतील, पोरगा बोलेल!"

राखणदाराला नेमका बुवाचाच पुतण्या कसा सुचला, हे विचारायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

आज कमला लेकीचं, आर्याचं, नाव काढायलाच आली होती.

"आये, दादा गेला गो," आर्या रडत होती.

"गप! तुझ्यापायी अडकलाय तो." बोलताना कमलाचं काळीज तुटत होतं. पण लेक एकदा बोलणार असेल तर आई काय नाही करणार?

आर्याला संगणक शिकवणाऱ्या मृणाली मॅडम गर्दीतून पुढे आल्या. "मावशी, निहारचा फोन कुठे आहे?"

"पिशवीत, लाल फडक्यात. बुवा म्हणाले, चालू ठेव, पण फडकं सोडू नको."

"हात लावाल तर कोप होईल!" बुवा गरजला.

"मावशी, तुम्हीच सोडा. त्याचं वायफाय बंद करून निरोप पाठवा."

कमलाने फडकं सोडलं, वायफाय बंद केलं, निरोप पाठवला. एक टिक. सगळे वाट बघत राहिले. एकच. वायफाय चालू केलं, आणि दोन झाल्या.

"निहारचा पासवर्ड त्याच्या फोनात अजून आहे," मॅडम हळू म्हणाल्या. "वायफायच्या यादीतून त्याचं नाव काढायचं आमच्याकडून राहिलं. इथे प्रत्येक इमारतीत भिंतीवर वायफायचा पांढरा डबा आहे. तुम्ही चालता तसा एक डबा फोन सोडतो, दुसरा धरतो. बंदरावर टोपली हातोहात जाते ना, तसं. घरी वायफाय नाही, निहारच्या फोनचं रिचार्जही संपलंय, म्हणून एक टिक."

"मग माझी गाऱ्हाणी गेली कुठं?"

"तुमच्याच पिशवीत, मावशी."

बुवाने केव्हाच काढता पाय घेतला होता.

कमला पायरीवर बसली. "कशाला सांगितलंत हो? त्या दोन टिकांवर जगत होते मी." मॅडम शेजारी बसल्या.

बऱ्याच वेळाने कमलाने लेकाचा फोन उघडला. 'निहार बाळा, आयेचं ऐकतोस ना रे?' तिचाच आवाज. तिच्या मोबाइलवर टिका निळ्या झाल्या. ऐकणारी तीच होती. पदर तोंडात कोंबून ती रडली.

अहो, दुःख खरं असतं, म्हणून त्याच्यावर मांडलेला खेळ खरा होत नाही. हात जोडायच्या आधी एकदा फडकं सोडून बघा, एवढंच सांगणं.

कमलाने डोळे पुसले. "जा गो," ती आर्याला म्हणाली, "तास चुकेल तुझा."