हात खिशात घालून

रोज सकाळी प्रफुल्लचा एक फोटो येतो. काचेचा ग्लास, त्यात पाणी, आणि ग्लास धरलेला त्याचा हात. मनगटावर लग्नात माझ्या बाबांनी दिलेलं घड्याळ. सोबत एक शब्दही नसतो. समुद्राचं खारं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवर तो इंजिनियर आहे. दिवसाचा पहिला ग्लास आपण प्यायचा आणि मगच पाणी गावाला सोडायचं, ही त्याची जुनी सवय. मस्कतच्या प्लांटवर होता तेव्हाही तो हेच करायचा, फक्त तेव्हा फोटो लागत नसे. संध्याकाळी माणूसच घरी यायचा.

आता तो एका बेटावर आहे. इथल्याच कंपनीने पाठवलाय. ते बेट ज्या देशाचं आहे तो देश जहाजाने दोन दिवसांवर. प्रफुल्ल त्याला मेनलँड म्हणतो. बेटावरच्या लोकांनी गेल्या वर्षी मत देऊन सांगितलं की आम्हाला वेगळं व्हायचंय. गंमत म्हणजे मतदान मेनलँडनेच घेतलं होतं. निकाल लागल्यापासून मात्र त्यांची संसद ‘या लोकांना स्वतंत्र होऊ द्यावं की नाही’ यावर विचार करत बसली आहे. मध्येच त्यांनी बेटावरचा विमानतळ दुरुस्तीला काढला. आता महिन्याला एक जहाज, तेवढाच रस्ता.

इथे मस्कतजवळच्या अल हैलमध्ये भाड्याच्या घरात बसून, भाजी निवडता निवडता, मी त्या संसदेच्या बातम्या वाचते. मला राजकारणाची हौस नाही. पण इथल्या प्रत्येक परदेशी माणसाला एक नियम पाठ असतो: ओमानच्या बाहेर सहा महिन्यांहून जास्त राहिलात की रेसिडन्स खलास. आणि प्रफुल्लचा खलास म्हणजे माझा आणि रेवाचाही खलास, कारण आम्ही दोघी त्याच्या व्हिसावर. रेवा नुकतीच पहिलीत गेलीय. दोन वर्षं शाळेत तोंड न उघडणारी ही पोरगी आत्ता कुठे बाईंना ‘गुड मॉर्निंग’ म्हणायला लागलीय. तिला इथून उपटून नागपुरात लावली तर पुन्हा पहिल्यापासून मुकी.

सहा महिने भरत आले होते. त्या गुरुवारचं जहाज पकडलं तर प्रफुल्ल वेळेत पोहोचणार होता. पुढचं जहाज महिन्यानंतर, म्हणजे मुदत संपल्यावर.

“येऊन राहिला ना तो?” नागपूरहून सासूबाईंचा फोन.

“जयभीम आई. येतोय. गुरुवारी निघेल.”

“आणि थे बेट? सुटलं का?”

“नाही अजून. संसदेत चर्चा चालू आहे.”

“आता काय चर्चा करून राहिले? ज्याले जायचं त्याले जाऊ द्यावं. धरून ठेवलेलं माणूस घरात असून नसल्यासारखं.” मग जरा थांबून, “आणि थे वजीरा कोण आहे गं? मागच्या फोनले दहा वेळा नाव घेतलं त्यानं.”

“प्लांटवर शिकायला आहे, आई. त्याची ट्रेनी.”

“असंन. मी आपलं विचारलं.”

मीही आपलं विचारलं होतं. वजीरा बेटावरचीच, दोन मुलांची आई. प्लांट चालवायला शिकलेली बेटावरची पहिली व्यक्ती. सुरुवातीला प्रफुल्ल तिच्यासकट सगळ्यांवर वैतागायचा. “हे काय देश चालवणार, तृप्ती? व्हॉल्व्ह बंद करायला सांगितला की आधी चहा पितात. स्वतःचं प्यायचं पाणी काढता येत नाही आणि म्हणे स्वातंत्र्य.” मी हसायचे. मग एक दिवस मेनलँडच्या एका मंत्र्याचं भाषण बातम्यांत आलं. मंत्री संसदेत म्हणाला, जे लोक स्वतःचं प्यायचं पाणी काढू शकत नाहीत, त्यांच्या हाती देश कसा द्यायचा? टाळ्या वाजल्या.

मी ती बातमी प्रफुल्लला पाठवली, थट्टा म्हणून. ‘तुझं भाषण चोरलं बघ.’

त्याचं उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी फक्त ग्लासाचा फोटो. त्यानंतर ‘हे काय देश चालवणार’ हे वाक्य त्याच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही.

मंगळवारी दुपारी उमामा खाली आल्या. उमामा आमच्या घरमालकीण, वरच्या मजल्यावर राहतात. सत्तरीला आलेल्या, ओमानी, पण जन्म झांजिबारचा. तिथून आलेली बरीच कुटुंबं आहेत इथे, घरात अजून स्वाहिली बोलतात. हातात मंदाझीची ताटली होती, वेलची घातलेले गोड तळलेले तुकडे, रेवाचे लाडके. आमचं बोलणं अर्धं इंग्रजीत, अर्धं हिंदीत चालतं.

“नवरा कधी येतो, बिन्ती?” बिन्ती म्हणजे पोरी.

“गुरुवारी निघेल. इन्शाल्ला.”

“इन्शाल्ला नको म्हणूस, त्याला जहाजावर बसायला सांग.” त्या पंख्याखाली बसल्या. बाहेर दमट ऊन होतं, एसीचं पाणी खिडकीखालच्या बादलीत टपटपत होतं. “मी लहान होते. इंग्रजांचा झेंडा उतरला तेव्हा शाळेत मिठाई वाटली. मी फ्रॉकच्या खिशात भरून घरी आणली. नंतर महिनाभरातच बंड झालं, अरबांना शोधून मारायला लागले, आणि आम्ही होडीत होतो. आई, आम्ही भावंडं. बाबा मागेच राहिले. ते आलेच नाहीत.”

हे मी आधी ऐकलं होतं. या वेळी मी विचारलं, “म्हणजे स्वातंत्र्य द्यायलाच नको होतं?”

“असं मी म्हटलं?” त्या एकदम तडकल्या. “द्यायलाच हवं होतं. दुसऱ्याचं बेट कोण कशाला ठेवून घेतो? पण देणारे चावी टेबलावर ठेवून निघून गेले. मागे काय होतंय ते बघायला कुणी थांबलं नाही.” मग ताटली माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, “पण तुझा नवरा देणारा पण नाही आणि घेणारा पण नाही. गडबड झाली की बाहेरचे कोण ते आधी शोधतात. त्याला बोलाव.”

रात्री जेवले नाही मी. मंदाझी तेवढ्या खाल्ल्या.

बुधवारी शाळा सुटायच्या आधी प्रफुल्लचा फोन आला. या वेळी कधीच येत नाही. उचलायच्या आधीच मी खुर्चीवर बसले.

“तृप्ती, एक अडचण आहे.”

“जहाज येत नाहीये?”

“येतंय. तीच अडचण आहे.”

मग त्याने सांगितलं. प्लांट ताब्यात देताना एक चाचणी असते. तीन दिवस आणि तीन रात्री तो घेणाऱ्यांच्याच माणसांनी चालवायचा. देणाऱ्याने शेजारी उभं राहायचं, पण कशालाही हात लावायचा नाही. लावला की चाचणी पुन्हा पहिल्यापासून. प्रफुल्लचे पहिले साहेब, दयानंद सर, म्हणायचे की अशा वेळी हात खिशात घालून उभे राहा, मोकळे ठेवले की ते आपोआप बटनाकडे जातात. ही चाचणी पास झाली आणि त्याने सही केली, की प्लांट बेटवाल्यांच्या ताब्यात. मग त्या मंत्र्याला संसदेत पाण्याबद्दल तोंड उघडता येणार नाही.

“मग कर ना. कुणी अडवलंय?”

“केमिकल संपत आलंय, तीन दिवसांच्या चाचणीला पुरणार नाही. मेनलँडने तीन वेळा अडवून ठेवलं. आता गुरुवारच्या जहाजाने ड्रम येतायत. ते उतरवून घेतले की चाचणी सुरू करता येईल. आणि मला परत आणणारं जहाज तेच आहे.”

तोच पुढे म्हणाला, “सही मीच करावी लागते. दुसरं कुणी नाही इथे. पण राहिलो तर आपला व्हिसा… तुला माहितीय. तूच सांग, तृप्ती. तू म्हणशील तसं करतो.”

“मी म्हणेन तसं?”

“हो. तुझं आणि रेवाचंच सगळं आहे ना. तुझा निर्णय.”

मी दाराशी पडलेल्या रेवाच्या चपलेकडे बघत राहिले. मला माहीत होतं की बेटाला जाऊ द्यायला हवं. वजीराला प्लांट मिळायला हवा. चहा टाकता टाकता, मजेत, मी हे सगळ्यांना सांगितलंही असतं. पण मला झोप लागत नव्हती कितीतरी दिवस, रात्री उठून व्हिसाच्या तारखा मोजत बसायचे.

“ये,” मी म्हटलं.

“नक्की?”

“नक्की. तू विचारलंस, मी सांगितलं. ये.”

“बरं,” तो म्हणाला.

गुरुवारी मी घर झाडून काढलं. त्याच्या शर्टांना इस्त्री केली. रेवाने दारावर लावायला ‘वेलकम पप्पा’ असं रंगवलं, त्यात जहाजापेक्षा पप्पा मोठा. संध्याकाळी जहाज सुटलं असणार. समुद्रात रेंज नसते, म्हणून फोनची वाट बघितली नाही. बऱ्याच दिवसांनी गाढ झोपले.

शुक्रवारी सकाळी फोटो आला.

ग्लास, पाणी, हात, घड्याळ. मी आधी नुसतीच बघत राहिले, सवयीने. मग मागे निळे ड्रम दिसले, कोरे करकरीत, ओळीने लावलेले. जहाजावर प्लांट नसतो.

मी फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला त्याने, म्हणजे वाटच बघत होता.

“अगं, ऐक ना…”

“विचारलंस कशाला मग?”

“मला वाटलं तू थांब म्हणशील.”

“म्हणजे मी काय बोलायचं ते तू आधीच ठरवलं होतंस.”

“तसं नाही गं. मी बंदरावर गेलो होतो, बॅग घेऊन. ड्रम उतरताना बघितले आणि… वजीरा काही बोलली नाही. नुसती उभी होती. मला चढवेना.”

“प्रफुल्ल, ज्या मेनलँडवाल्यांवर तू चिडून आहेस ना, त्यांनी काय वेगळं केलं? मतदान घेतलं. लोकांनी मत दिलं. मग म्हणाले, आता आम्ही विचार करतो.”

“मी तो मंत्री नाहीये, तृप्ती.”

“त्यालाही असंच वाटत असेल.”

मागे पंपाचा घुमणारा आवाज येत होता. मग तो हळूच म्हणाला, “चाचणी सुरू झालीये. मला आत जावं लागेल.” मी फोन ठेवला. रडले नाही. रडायलाही थोडी ताकद लागते.

सीबच्या जुन्या बाजारामागे बिलकीसची नर्सरी आहे. बिलकीस हैदराबादची, इथे वीस-बावीस वर्षं. मी बाल मानसशास्त्रात एम.ए. केलंय हे कळल्यापासून ती मागे लागली होती, की ये माझ्याकडे, व्हिसा मी देते. दोनदा मी प्रफुल्लला विचारलं होतं. दोन्ही वेळा तो म्हणाला, “कशाला दगदग? मी आहे ना.” आणि मी बिलकीसला सांगितलं होतं की बघते.

इथे सुट्टी शुक्र-शनिवारी; रविवारी रेवाला शाळेत सोडून मी सरळ तिच्याकडे गेले.

“मियाँ से पूछा?” बिलकीसने विचारलं.

“नाही. त्याने मला विचारलं त्याचं काय झालं ते बघून आलेय.”

ती मोठ्यांदा हसली आणि आतून अरमानला हाक मारली. अरमान तिची सरकारी कागदपत्रांची कामं बघतो. त्याने माझा पासपोर्ट उलटसुलट बघितला. नवऱ्याच्या व्हिसावरून नोकरीच्या व्हिसावर जाता येईल म्हणाला, मेडिकल द्यावी लागेल.

“आणि मुलगी? ती माझ्या नावावर येईल ना?” मी विचारलं.

“इन्शाल्ला, मॅडम.”

“होईल की नाही?”

“इन्शाल्ला,” तो म्हणाला, आणि यापुढे त्याच्याकडून काही निघणार नाही हे मला कळलं.

दुसऱ्या दिवशी फोटो आला तेव्हा मी रेवाची वेणी घालत होते. ग्लास, पाणी. हात मात्र दुसराच. काळसर, बोटांवर पुसट मेंदी, मनगटात तीन पातळ बांगड्या. फोटोच्या कडेला प्रफुल्लची पँट दिसत होती, आणि हात खिशात.

संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज बसलेला, पण आत कुठेतरी आनंद होता, तो त्याला माझ्यापासून लपवता येत नव्हता. चाचणी पास झाली. सही केली. पंपातून आवाज यायला लागला तेव्हा वजीराने आधी चहा मागवला, म्हणाला. त्याचे हात खिशातून निघता निघता राहिले. पण चहा पीत पीत तिने ऐकलं, कुठला पंप ते ओळखलं, तोच बंद केला, दुसरा सुरू केला.

“आणि संसद?”

“पुढच्या अधिवेशनात घेणार म्हणे. आता अजून एक अहवाल पाहिजे. विजेबद्दल.”

मला हसू आलं. त्यालाही आलं. दोघंही थोडा वेळ दमल्यासारखे हसलो.

मग मी बिलकीसचं सांगितलं.

“मला विचारलं नाहीस?”

“नाही.”

“अगं पण निदान… रेवाचं काय? अरमान कोण? पगार किती देणार ती? मी कंपनीशी बोलून बघतो, काही…”

“प्रफुल्ल. सवय झालीये ना तुला? अजून थोडे दिवस ठेव हात खिशात.”

तो म्हणाला, “बरं.” या वेळच्या ‘बरं’वर विश्वास ठेवायचा की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही. फोन ठेवता ठेवता म्हणाला, “म्हणजे मी आता टुरिस्ट व्हिसावर यायचं का?”

“ये. उमामांना विचारून ठेवते, पाहुणा चालेल का म्हणून.”

आज मेडिकलच्या रांगेत उभी आहे. रेवाला शाळेला सुट्टी आहे म्हणून सोबत आणलीय. माझा पासपोर्ट तिने दोन्ही हातांनी धरलाय, मी मागितला तरी देत नाही. समोरच्या बाईचं रक्त काढतायत, मी दुसरीकडे बघतेय.

“मम्मा, पप्पाचा आयलंड फ्री झाला?”

“नाही गं अजून.”

“पण वोटिंग तर झाला ना?”

“झालं.”

“देन व्हाय?”

माझा नंबर पुकारला. मी तिला तिथेच खुर्चीवर बसायला सांगितलं. नेहमीसारखं ‘हलायचं नाही हं’ असं म्हणायला तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात नर्सने बाही वर करायला सांगितली. आत जाताना दोनदा वळून बघितलं. ती पाय हलवत बसली होती, पासपोर्ट छातीशी धरून, आणि शेजारच्या अनोळखी बाईशी काहीतरी बोलत होती.