मासळीच्या गच्चीखालची सळई

मी एक जुनी लोखंडी सळई आहे. मित्रांनो, तुम्ही मला ओळखत नसाल, कारण मी स्लॅबच्या पोटात राहते. मी कुणाला दिसू लागले, तर समजावे की काहीतरी बिघडले आहे.

माझा जन्म जालन्याच्या एका कारखान्यात झाला. भंगार वितळवून, तापून लाल झालेली असतानाच मला फिरत्या लोखंडी रुळांमधून लांब ओढले आणि माझ्या अंगावर तिरप्या कडा उठवल्या. या कडांमुळे काँक्रीट मला घट्ट धरून ठेवते. काँक्रीट कितीही दाबले तरी सोसते, पण ताणले की तडकते. ताण सोसणे हे माझे काम. त्याच्या बदल्यात काँक्रीट मला जपते. सिमेंटच्या सहवासात माझ्या अंगावर एक पापुद्रा तयार होतो, डोळ्यांना न दिसणारा. तो असेपर्यंत मी गंजत नाही. मीठ मात्र त्याला भेदून आत शिरते.

दाभोळला शिवा तांडेल घर बांधत होते, तिथे मी आले. स्लॅब टाकायच्या दिवशी त्यांची बायको गुणवंती हातात एक लोखंडी कडी घेऊन थेट फळ्यांवर चढली.

"मिस्त्री, ही कडी हितंच बांधा. नातवंडाचा पाळणा टांगायचाय."

"वहिनी, तुमच्या चिरागला अजून मिसरूड फुटलं नाय!"

"मग? स्लॅब काय दरवर्षी टाकतात?"

सगळे हसले. मिस्त्रींनी ती कडी माझ्या कमरेला बांधली. त्या दिवसापासून मी एका पाळण्याची वाट पाहू लागले.

पुढची वर्षे छान गेली. गुणवंती गच्चीवर मासळी सुकवू लागली. बांगडे चिरून, मीठ चोळून ती स्लॅबवर ओळीने मांडायची. किनाऱ्यावर सुकवलेल्या मासळीत वाळू येते, कुत्री तोंड घालतात. तिच्या बांगड्यात वाळूचा कण सापडत नसे. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीच्या, खरेदीला बायका लांबून यायच्या आणि "गच्चीवरचे आहेत ना?" असे विचारून घ्यायच्या. तेव्हा मलाही अभिमान वाटायचा.

पण मासळीला सुटणारी खारवणी, म्हणजे मिठाचे पाणी, उताराने कडीच्या बाजूच्या एका कोपऱ्यात साचत होती. तिथे स्लॅबला केसाएवढी चीर होती. त्या चिरेतून मीठ माझ्यापर्यंत पोहोचले. माझा पापुद्रा फाटला आणि मी गंजू लागले. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो. मी आतून फुगत गेले, आणि खालच्या खोलीत छतावर तपकिरी डाग उमटला. शिवा तांडेलांना वाटले, पावसाचे पाणी झिरपते. त्यांनी डागावर रंग मारला. डाग पुन्हा आला, त्यांनी पुन्हा रंग मारला. मला ओरडता येत नाही. डाग हीच माझी भाषा होती.

यंदा वैशाखात चिरागची बायको सलोनी तान्ह्या सानिकाला घेऊन माहेराहून आली. गुणवंतीने पाळणा धुऊन ठेवला होता, कडीखाली गोधडी अंथरली होती. कडी पुसायला सलोनी स्टुलावर चढली, तेवढ्यात तिच्या ओठावर टपकन थेंब पडला.

"आई, गच्चीतनं पाणी गळतंय."

"पाऊस नाय, ढग नाय. पानी आलं कुठनं?" गुणवंती म्हणाली.

"आये, तुझ्या मासळीला घाम सुटला असंल," चिराग हसला.

"तुला सुटूदे जरा. दोन दिस जाळ्याला हात नाय लावलास."

सलोनी मात्र हसली नाही. "आई, हे खारट आहे."

गुणवंती स्टुलावर चढली. तिने बोटावर थेंब घेऊन जिभेला लावला. आयुष्यभर ती चव तिच्या ओळखीची होती. मग म्हणाली, "ही तर माझीच खारवणी. चिराग, ती गोधडी ओढ बाजूला. काठीनं ठोकून बघ."

काठीचा आवाज पोकळ आला. दुसऱ्या ठोक्याला परातीएवढे प्लास्टर खाली कोसळले, जिथे गोधडी होती तिथेच. मी उघडी पडले. माझ्या कडा झिजल्या होत्या आणि अंगावरून गंजाच्या खपल्या सुटत होत्या.

"प्लास्टर लावू, रंग मारू," शिवा तांडेल म्हणाले. "परवा सोयरे येतायत."

"दोनदा मारलात ना रंग?" गुणवंती म्हणाली. "सोयऱ्यांना दिसूदे. वरची मासळी आजच उतरवा."

"आणि सुकवणार कुठं? तुझं गिऱ्हाईक गच्चीसाठी येतं."

"अंगणात बांबू बांधा. मासळीला वारा लागतो, स्लॅब नाय लागत."

चिपळूणहून इंजिनियर बाई आल्या. त्यांनी आधी स्लॅबला खालून टेकू दिले. खराब काँक्रीट माझ्या पाठीमागपर्यंत फोडले, मला ब्रशने घासले. माझा सडलेला भाग कापून तिथे नवी सळई जोडली, काँक्रीट भरले आणि गच्चीची चीर बंद केली. कापलेल्या भागाबरोबर ती कडीही गेली. सानिकासाठी जमिनीवर उभ्या राहणाऱ्या लाकडी घोडीचा पाळणा आला. ज्या वजनासाठी मी इतकी वर्षे थांबले, ते मी कधीच उचलले नाही. याची मला थोडी हुरहूर वाटते.

मित्रांनो, तुमच्या घराच्या, शाळेच्या छतावर तपकिरी रेघ दिसली, तर तिच्यावर नुसता रंग मारू देऊ नका. पाणी कुठून येते ते मोठ्यांना शोधायला लावा. आतली सळई काहीतरी सांगत असते.

सानिका आता त्याच खोलीत झोपते. तिचा पाळणा माझ्या अंगावर नाही, पण तिच्या डोक्यावरचे छत आहे. जाग आली की ती वर टक लावून पाहते. मी तिला दिसत नाही. तसेच असू द्या.