खूण जुळली की सांग

शांतीनं पाण्याची कळशी डोलकाठीजवळून उचलून होडीच्या डाव्या कडेला नेली. तिथं ती डुगडुगायला लागली तशी पुन्हा उचलून आपल्या पायांशी आणून ठेवली. सकाळपासून ही तिसरी वेळ. मागं सुकाणूवर बसलेल्या जनूनं मान न वळवता म्हटलं,

“एका जाग्याव बस गो. होडी हाय ही, तुझं सैपाकघर नाय.”

“मी बसलेलीच हाय.”

“मंग कळशीला पाय फुटले काय?”

ती हसली नाही. थळचा किनारा मागं पडत होता. पहाटेचा जमिनीवरचा वारा अजून टिकून होता आणि शीड पोटभर फुगलं होतं. कोजागिरी होऊन दहा दिवस झाले होते. किनाऱ्यावरून कापलेल्या भाताचा वास मधूनच येई आणि खाऱ्या वासात मिसळून जाई.

काल ओहोटीबरोबर ती दोघं पेणच्या खारेपाटातून निघाली होती, रात्री खाडीच्या तोंडाशी नांगर टाकला होता. गावच्या बांधावर बायका जमल्या होत्या. खरं तर जनूबरोबर शेजारचा विलास जायचा होता, पण त्याला कंपनीत अचानक शिफ्ट लागली. “मंग मी येकलाच जातो,” असं जनू म्हणेपर्यंत शांतीनं लुगडं वर खोचून होडीत पाय टाकला होता. बांधावर हशा पिकला. “म्हातारी हनिमूनला निघाली गो!” कुणीतरी ओरडलं. पन्नास वर्षांत तिनं ही होडी लोटली होती, धुतली होती, शिडाला ठिगळं लावली होती. तिच्यात बसून समुद्रात मात्र ती कधी आली नव्हती. बायकांनी जायची रीत नव्हती.

संध्याकाळपर्यंत रेवदंड्याला वळून, कुंडलिकेच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर वर जात रोहा गाठायचा होता. रोह्याच्या अलीकडं नदीकाठी एक नवं रिसॉर्ट झालं होतं, त्यांनी होडी विकत घेतली होती. मुलगा निकेशनं हे सगळं जुळवून आणलं होतं. होडी हिरवळीवर ठेवणार, आत टेबल आणि चार खुर्च्या, कडेनं बारीक दिवे. तसं चित्र त्यानं मोबाईलवर दाखवलं होतं. जनूनं मोबाईल हातात घेऊन बराच वेळ पाहिला होता आणि म्हणाला होता, “चांगलं हाय.”

तोवर मोबाईलचा पडदा काळा झालेला होता. ते शांतीनं पाहिलं. निकेश चहात बिस्किट बुडवत होता.

“आबा, ट्रेलरवर टाकून नेऊ ना होडी. दोन तासांचं काम,” निकेश म्हणाला होता.

“होडी रस्त्यानं जात नाय,” एवढंच जनू बोलला.

होडी गेली की दिवाळीनंतर दोघांनीही रोह्याला निकेशच्या फ्लॅटमध्ये राहायला जायचं, असंही ठरलं होतं. तिसरा मजला. शांतीला राहून राहून त्या फ्लॅटचा उंबरठा आठवे. तिथं उंबरठाच नव्हता. दार कुठं संपतं आणि खोली कुठं सुरू होते ते पायाला कळायचं नाही.

“पुढं काय दिसतं?” जनूनं विचारलं.

“पाणी.”

“पाणी मला बी ठावं हाय. डाव्या अंगाला बघ. माडांच्या वर डोंगराचं नाक दिसंल. ते पांढऱ्या देवळामागं गेलं की सांग. माझ्या डोळ्यांत ऊन येतंय.”

त्याच्या डोळ्यांवर टोपीची सावली होती. शांतीनं कपाळावर हात आडवा धरला.

“गेलं,” थोड्या वेळानं ती म्हणाली.

त्यानं सुकाणूचा दांडा चार बोटं सरकवला. होडी किंचित वळली आणि पाण्याखालचा खडक फेसाची बारीक रेघ दाखवत बाजूनं निघून गेला. कालपासून हे असंच चाललं होतं. दोन खुणा एका रेषेत आल्या की वळायचं. हा डोंगर त्या देवळामागं, तो माड त्या टेकडीखाली. ह्या खुणा सुकाणू धरणारे तांडेल जमिनीवर कधी बोलत नसत. बाप मुलाला समुद्रातच सांगायचा, तेही मुलाचा हात सुकाणूवर असेल तेव्हाच. निकेशला एकदा सांगायला घेतल्या तेव्हा तो म्हणाला होता, “आबा, आता मोबाईलवर समदं दिसतं.” जनूनं पुन्हा विषय काढला नव्हता. काल धरमतरच्या खाडीत त्यानं पहिली खूण शांतीला सांगितली तेव्हा तिला वाटलं, आपण ऐकायला नको ते ऐकलं. तिनं पदर सारखा केला होता, देवळात शिरताना करतात तसा.

अलिबागपुढं किल्ला दिसू लागला आणि पाण्यावर गडबड वाढली. पाण्यावरची एक स्कूटर गर्र करत आली नि त्यांच्याभोवती फिरली. तिच्या लाटेनं होडी हलली. पुढं एक तरुण, मागं केस उडणारी मुलगी.

“आजी, व्हिडिओ काढू का? किती क्यूट!”

“काढ. पण मला गोरी दाखव.”

मुलगी खदखदून हसली. “कुठं निघालात?”

“माहेरी!” शांती ओरडली.

तिला स्वतःलाच ते ऐकून दचकायला झालं. स्कूटर निघून गेली. जनूच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

“माहेरी काय?”

“पोरीला काय सांगू? होडी टेबल करायला नेतो म्हणून?”

त्यानं दांडा सारखा केला. शांतीच्या तोंडातून गेलेला शब्द मनातून जाईना. तिचं माहेर मुरुडच्या पलीकडं, राजपुरीच्या खाडीकाठी. लग्न झालं तेव्हा वऱ्हाड शिडाच्या मचव्यातून ह्याच किनाऱ्यानं वर आलं होतं. नवरीनं माहेराकडं तोंड करून बसायचं, असं तिची आजी म्हणाली होती. म्हणून सगळे पुढं बघत असताना ती एकटी उलटी बसून होती. त्यामुळं तिला हा सगळा किनारा पाठमोरा आठवत होता. एकेक डोंगर मागं सरकताना, लहान होताना. तेव्हाचा जनू डोलकाठीला टेकून उभा होता आणि लाजून तिच्याकडं बघत नव्हता. कोर्लईचं टोक मागं पडलं तेव्हा तिला रडू आलं होतं, ते आठवत होतं. नंतर माहेरी जाणं झालं ते एस.टी.नं. भाऊ गेल्यावर तेही थांबलं. आता तिथं भावजय धोंडुबाई एकटी होती. अकरा वर्षं झाली तिचं तोंड पाहून.

ऊन चढलं. वारा पडला, मग समुद्राकडून फिरून आला. शांतीनं भाकऱ्यांचं फडकं सोडलं. सुक्या जवळ्याची चटणी भाकरीवर घालून तिनं जनूच्या उघड्या तळव्यावर ठेवली. त्यानं हात पुढं केला नव्हता, नुसता पसरला होता. वर्षभरात दोघांची ही पद्धत पडली होती.

“आक्षीची खाडी आली,” तो जेवता जेवता म्हणाला.

तिनं वळून पाहिलं. खरंच माडांमध्ये फट पडली होती.

“कशावरनं?”

“पाणी जड झालं. खाडीचं पाणी ओहोटीला बाहेर पडतं ना, ते सुकाणूला लागतं. तळव्याला कळतं. बापाबरोबर मीठ घेऊन रोह्याला जायचो तेव्हा तो माझे डोळे टावेलानं बांधायचा. सांग म्हणायचा, कुठली खाडी? चुकलं की डोस्क्यात टपली.”

“मंग खुणा कशाला लागतात?”

“खाडी कळते. खडक कळत नाय.”

त्यानं बोटं चाटून घेतली. मग सहज, उन्हाबद्दल बोलावं तसं म्हणाला,

“वर्षभर घरातलं तू कायच हलवलं नाय.”

शांतीचा हात फडक्यावर थांबला. घरातल्या वस्तू हलवण्यावरून ती गावात प्रसिद्ध होती. पलंग पूर्वेला, पलंग पश्चिमेला. डब्यांची फळी, पाटा, देवसुद्धा. जनू मासळीवरून परत यायचा तेव्हा, “आज आपण कुठल्या घरात हाय?” असं दारातून विचारायचा. एके दिवशी कपाकडं गेलेला त्याचा हात कपाच्या अलीकडं पडला, आणि दुसऱ्या दिवशीही तिथंच पडला. त्यानंतर तिनं घरात काही हलवलं नव्हतं. त्याच्या चपलासुद्धा झाडून पुन्हा त्याच फरशीवर.

“कंटाळा आला,” ती म्हणाली.

“तुला? कंटाळा?”

“आता वय झालं ना.”

“पलंग गेल्या दिवाळीला बी नाय हलवलास. मला वाटलं...” त्यानं वाक्य सोडून दिलं आणि पाण्यात हात धुतला. “पेणच्या डाक्टरनं सांगितलं, ऑपरेशन करून उपेग नाय. मोतीबिंदू नाय तो. दुसरा. निकेशला सांगू नको.”

“मला काय सांगितलंत? मी कायच ऐकलं नाय.”

“व्हय.”

ती उठली. कळशीला हात लावला, पण उचलली नाही. पुन्हा बसली. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. होडी तिच्याबरोबर हलत राहिली. जनूनं ह्या वेळी तिला बस म्हटलं नाही.

आज रोह्याला होडी लागली की ती लोकं क्रेननं उचलणार. मग हा माणूस तिसऱ्या मजल्यावर भिंत चाचपत मोरी शोधणार. नातवंडं आधी हसतील, मग त्यांना कळेल, मग निकेशचा आवाज मऊ होईल. होडी होती तोवर हा तांडेल होता. सुकाणूवर बसलेला माणूस आंधळा, असं कुणाच्या मनातही येत नाही.

रेवदंड्याच्या माडांच्या वर जुन्या किल्ल्याचा मनोरा दिसला तेव्हा दुपार कलली होती. समोर, खाडीच्या पलीकडं, कोर्लईचा डोंगर समुद्रात लांब पाय पसरून बसलेला.

“मनोरा दिसला?”

“दिसला.”

“त्याच्या मागं डोंगराला खाच हाय. मनोरा खाचेत आला की सांग. तिथं डावीकडं वळायचं. आता भरती लागंल. ही भरती चुकली तर रोहा आज नाय.”

तांदळाच्या डब्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेला मोबाईल वाजला. शांतीनं घाईनं काढला.

“आई, कुठं पोचलात?” निकेश ओरडत होता. मागं माणसांचे आवाज. “क्रेन आलीय इथं. साहेब पण थांबलेत. फोटोवाला हाय. आबा बरा हाय ना?”

“बरा हाय.”

“मंग किती वेळ?”

तिनं शिडाकडं पाहिलं. ते तट्ट फुगलं होतं, दोर करकरत होता.

“वारा नाय रे, निकेश,” ती म्हणाली. “अजिबात वारा नाय.”

फोन बंद करून तिनं तो तांदळात खोल खुपसला. जनूनं तोंड वर करून वारा गालावर घेतला. 

मनोरा सरकत होता. खाचेच्या अलीकडं दोन हात. एक हात. शांती पुढच्या फळीवर दोन्ही हात टेकून बसली होती.  होडीखालचं पाणी बदललं, ते तिला दिसलं. हिरव्यातून मातकट झालं, आणि लहान लहान भोवरे लाकडाला चाटून जायला लागले. मागं सुकाणूचा दांडा थरथरला. जनूनं तो दुसऱ्या हातानंही धरला.

“जुळली का गो?”

मनोरा खाचेत उभा होता. अगदी मधोमध, निरंजनातल्या वातीसारखा.

“नाय,” शांती म्हणाली.

जनू थांबला. पाणी जड होतं, दांडा त्याच्या मुठीत धडधडत होता. डावीकडून खाडीचा वास आला, चिखलाचा आणि तिवरांचा. त्यानं तो घेतला, हे तिला मागून आलेल्या लांब श्वासावरून कळलं.

“आता?”

मनोरा खाचेतून बाहेर पडून डोंगराच्या चढावर गेला होता.

“अजून नाय.”

ती मागं वळली नाही. तिला वाटलं, आता हा ओरडेल. किंवा हसेल. किंवा मुकाट्यानं डावीकडं वळवेल आणि म्हणेल, तुला काय कळतं. कोर्लईचं टोक जवळ येत होतं. त्याबद्दल ती एक अक्षर बोलली नव्हती.

लाकूड कुरकुरलं. होडीचं तोंड हळूहळू उजवीकडं फिरलं, खाडीपासून दूर, टोकाच्या बाहेर, उघड्या समुद्राकडं. शीड एकदा फडफडलं आणि पुन्हा भरलं. पाणी हिरवं झालं.

रेवदंड्याचे माड मागं पडले. मग जनूनं विचारलं,

“टोकाचे खडक कुठपर्यंत आलेत?”

“चांगले लांब आलेत. अजून बाहेर घ्या.” ती आता सरळ उभी राहिली, एक हात डोलकाठीला. “अजून. हां. असंच ठेवा.”

“धोंडुबाईकडं तांदळाची भाकरी मिळंल का?”

“मिळंल. बोलणी पण मिळतील.”

डब्यात फोन वाजत होता. तांदळातून आवाज अगदी बारीक येत होता. कोर्लईचा डोंगर डाव्या हाताला आला. ह्या बाजूनं तो तिनं एकदाच पाहिला होता, लग्नाच्या मचव्यातून, मागं सरकताना. आता तो समोरून येत होता, मोठा होत होता.

शांतीनं वाकून कळशी उचलली. पायांशी होती ती उचलून होडीभर चालत मागं गेली आणि सुकाणूपाशी तिनं ती दोन दोरांच्या मधे दाबून बसवली.

“कळशी हलवली,” ती म्हणाली. “तुमच्या उजव्या गुडघ्याजवळ हाय. एक वीत.”

जनूनं हात खाली सोडला. कळशीच्या गार कडेला त्याची बोटं बरोबर लागली.