चिखलाचा रकाना

नीळकंठ सोमणांनी आयुष्यात पुष्कळांचं वाकडं केलं होतं, पण न तपासता कुणाचं केलं नव्हतं. भोपाळच्या मोठ्या सरकारी कारखान्यात ते एकतीस वर्षं तपासणी खात्यात होते. तिथे प्रत्येक तपासनिसाचा एक नंबर असायचा आणि पास झालेल्या मालावर तो ठोकला जायचा. सोमणांचा सतरा. सतरा ठोकलेला माल पुढे कुणी दुसऱ्यांदा बघत नसे, आणि सतरा नसेल तर कुणाच्या बापाचा वशिला चालत नसे. निवृत्तीला नऊ वर्षं झाली तरी घराजवळ अवधपुरीच्या बाजारात ते दुधी नखाने दाबून बघत, आणि भाजीवाला हात जोडून म्हणे, "पास कर दो साहब, सुबह का है."

हेच खातं ते घरीही चालवत. मुलगा गौरांग याचं अक्षर, त्याची नोकरी, त्याचे दोन बुडालेले धंदे, सगळ्यावर बापाचा 'नापास' शेरा होता. त्यामुळे चौतिसाव्या वर्षी त्याने दोन मित्रांबरोबर एक शेड घेऊन बिनहवेचे टायर बनवायला घेतले, तेव्हा वर्षभर घरात चकार शब्द काढला नाही. मग यंदाच्या एप्रिलमध्ये एका रविवारी त्याने एक चाक उचलून आणलं, हॉलमध्ये वर्तमानपत्रावर ठेवलं आणि खाली बघत म्हणाला, "बाबा, जरा चेक करून द्याल?"

सोमण आतून विरघळले. मुलाने आजवर त्यांच्याकडे पैसे मागितले होते, गाडीची किल्ली मागितली होती, पण मत कधी मागितलं नव्हतं.

चाक मोठं देखणं होतं. बाहेर रबराचं जाड कडं, आत चिवट प्लास्टिकचे वाकडे आरे, आणि आऱ्यांमधून आरपार दिसणारी पलीकडची भिंत. हवाच नाही, तर पंक्चर कसलं आणि पंप कसला? सुंठेवाचून खोकला गेला! सोमणांनी भिंगाने एकेक आरा पाहिला. पुढचे पाच आठवडे ते तसली चाकं लावलेल्या गौरांगच्या गाडीत बसून हिंडले आणि सापडेल ते दोष लिहीत गेले. साठच्या पुढे घूं घूं आवाज येतो. खड्ड्यात पोटातलं पाणी हलतं. भर उन्हात पळवलं की आरे तापतात. एक आरा तुटला तरी अख्खं चाक बदलावं लागतं. गौरांग प्रत्येक दोष निमूटपणे ऐकून घ्यायचा आणि जमेल तसा सुधारून आणायचा. इतकी वर्षं बापलेकांत एवढं बोलणं झालं नव्हतं.

तपासणीचा तक्ता सोमणांनी स्वतः आखला होता. त्यात शेवटचा रकाना चिखलाचा होता. इकडची काळी माती भलती चिकट. ओल्या मातीतून गाडी न्यायची, चाकं तशीच दिवसभर वाळू द्यायची आणि मग ऐंशीच्या वेगाने पळवायची, अशी ती चाचणी. पण मे संपत आला होता आणि भोपाळात अंगणातलं आळंसुद्धा तासाभरात सुकत होतं. गौरांगला जूनमध्ये सात ओळखीच्या गाड्यांना टायर बसवून द्यायचे होते.

"बाबा, बाकी सब क्लिअर आहे ना? एकच कॉलम राहिलाय. चिखल आत्ता कुठून आणू? बारिश में करून घेऊ, प्रॉमिस."

टँकर मागवून अर्धा एकर शेत भिजवता आलं असतं. कारखान्यात असते तर त्यांनी भिजवायलाच लावलं असतं. पण गौरांगचा चेहरा बघून त्यांना पुन्हा 'नापास' म्हणवेना. त्यांनी त्या रकान्यात 'समाधानकारक' लिहिलं, खाली सही केली आणि सवयीने सहीखाली वर्तुळात सतरा लिहिला. मागे उभ्या असलेल्या बायकोने, शशिकलाबाईंनी, चष्मा सारखा करून वाचलं. "मे महिन्यात चिखल कुठे सापडला तुम्हाला?" असं त्यांनी विचारलं.

"तुला त्यातलं काय कळतं," असं म्हणून सोमणांनी कागद उलटा ठेवला. एकतीस वर्षं दुसऱ्यांची डोळेझाक पकडणाऱ्या माणसाने त्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांवर स्वतःच्या हाताने कातडं ओढून घेतलं, आणि संध्याकाळी मुलाबरोबर मजेत आइस्क्रीम खाल्लं.

सातांतली एक गाडी विश्वनाथ चौधरींची होती. विश्वनाथ कारखान्यात वेल्डर होते, आता भोपाळातच अयोध्या नगरात राहत. त्यांनी टायरबद्दल काही विचारलंच नाही. तक्ता हातात घेतला, खालचा सतरा पाहिला आणि कागद कपाळाला लावून गौरांगला परत दिला. "बेटा, बसवून टाक. साहेबांनी बघितलंय, म्हणजे बात खतम."

जुलैत विश्वनाथ आणि त्यांची बायको कुसुम सीहोरकडे एका गावात पूजेला गेले. शेवटचा रस्ता शेतातला होता. आऱ्यांमध्ये गच्च चिखल भरला, रात्री पाऊस थांबला, दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं आणि चिखलाची वीट झाली, तीही चाकाच्या एकाच बाजूला, म्हणजे चाकाचा तोल गेला. परतताना मोठ्या रस्त्यावर वेग वाढला तसं स्टिअरिंग थरथरू लागलं, मग हातातून सुटलं आणि गाडी दुभाजकावर चढली. विश्वनाथांना खरचटलं. कुसुमबाईंचा उजवा हात मनगटाशी दोन ठिकाणी मोडला. दोन बोटं पूर्वीसारखी वळणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. बाई भजनी मंडळात पेटी वाजवायच्या.

गौरांगने त्याच दिवशी सातही गाड्यांचे टायर उतरवून घेतले. बापाला तो एका शब्दाने बोलला नाही, आणि सोमणांना तेच जास्त लागलं. आठवडाभर त्यांना जेवण गेलं नाही. चूक मुलाची नव्हती. त्याने काय राहिलंय ते स्पष्ट सांगितलं होतं. त्यावर हो म्हणणारा हात आपला होता. शेवटी रविवारी सकाळी ते एकटेच अयोध्या नगरला गेले.

विश्वनाथांनी दारातच त्यांचे दोन्ही हात धरले. "साहेब, तुम्ही कशाला तकलीफ घेतली? माझीच गलती. चाकं धुवायला पाहिजे होती. गौरांगचं नाव खराब केलं मी, त्याला सांगा, काका माफी मागतात."

सोमणांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोर कुसुमबाई प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून बसल्या होत्या. सोमण खुर्चीवर न बसता उभ्यानेच बोलले.

"विश्वनाथ, चिखलाची चाचणी मी केलीच नव्हती. न करता सही केली. धुवायचं तुम्हाला माहीत असायचं कारणच नाही. ते मला सापडायला हवं होतं. मला लाज वाटते, वहिनी. माझ्यामुळे झालं हे."

विश्वनाथ चक्क हसले. "काय साहेब! मुलाला वाचवायला स्वतःवर घेताय. बाप आहात, समजतं मला. पण सतरा नंबर न बघता पास करेल? अख्ख्या कारखान्यात कोणाला विचारा!" त्यांचे डोळे भरून आले होते.

खरं बोलावं आणि त्यानेच आपला मोठेपणा वाढावा, यापरती शिक्षा नाही. सोमणांनी शशिकलेची शपथ घेतली, मे महिना सांगितला, रकाना सांगितला. विश्वनाथ मान हलवत राहिले.

"मला पटतंय," कुसुमबाई म्हणाल्या.

"एक विचारू, साहेब? अठ्ठ्याण्णवमध्ये यांचं एक वेल्डिंग तुम्ही नापास केलंत. त्यात प्रमोशन गेलं. नंतर कधी आलंच नाही. तो तुकडा मी घरी आणायला लावला होता. उन्हात धरून, पाण्यात बुडवून बघितला. मला तडा दिसला नाही. हे म्हणाले, साहेबांनी बघितलाय म्हणजे आहे. मी पण मानलं. सत्तावीस वर्षं मानलं." त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. "तेव्हा तरी बघितलं होतंत ना?"

सोमणांना तो तडा लख्ख आठवत होता. केसाएवढा, डाव्या कडेपासून आत गेलेला. नापास करायचं जिवावर आलं होतं, म्हणून तीनदा तपासला होता.

"बघितलं होतं, वहिनी. तीनदा."

"बरं," कुसुमबाई म्हणाल्या. न पटलेला माणूस वाद नको असला की म्हणतो, तसं. सोमणांनी आधारासाठी विश्वनाथांकडे पाहिलं. विश्वनाथ आता हसत नव्हते. ते बायकोच्या हाताकडे बघत होते, आणि सोमण निघून दारापर्यंत गेले तरी त्यांनी मान वर केली नाही.