उःशापाची थ्योरी

जी गोष्ट अजून कोणी सांगितलेलीच नाही, तिच्या शेवटावरून एकमेकांची आई-बहीण काढणारी माणसं जगात आहेत, हे मला आमच्या हिमांशूमुळे कळलं. हिमांशू माझ्या धाकट्या दिराचा मुलगा, मला मोठीमाय म्हणतो. गोंदियात खोली करून राहतो. घरच्यांना सांगतो की स्पर्धा परीक्षेचा अभ्यास चालू आहे. प्रत्यक्षात खोलीत निळे-जांभळे दिवे लावून, कानाला दोन डबे अडकवून, व्हिडिओ बनवतो.

व्हिडिओ कशावर? तर ग्रेवेनमूर नावाच्या एका खेळावर. नाव घेताना तोंडात सुपारीचं खांड अडकल्यासारखं होतं. परदेशातली कुठलीशी कंपनी हा खेळ कॉम्प्युटरसाठी काढणार आहे. त्यात राजे, चेटकिणी, राक्षस. खेळणाऱ्याने त्यातलाच एक योद्धा व्हायचं आणि गोष्ट पुढे न्यायची. खेळ यायचा आहे पुढच्या वर्षी. आला आहे तो त्याचा जेमतेम मिनिटभराचा तुकडा, त्याला टीझर म्हणतात. त्या तुकड्यावर हिमांशू जेवढं बोलला आहे तेवढं आमच्या केशोरीत अख्ख्या सप्ताहात होत नाही.

टीझरमध्ये असतं काय? राखेने माखलेला एक राजवाडा. त्यात एक म्हातारी बसलेली, तिचं तोंड काळ्या दोऱ्याने शिवलेलं. समोर लोखंडी मुखवटा घातलेला योद्धा, तलवार खाली ठेवून गुडघे टेकून बसलेला. वरून एक घोगरा आवाज सांगतो की या म्हातारीच्या शापाने राज्य जळलं. संपलं. एवढ्यावर देशभरातली पोरं चित्र थांबवून, मोठं करून, मुखवट्याचे खिळे मोजत बसली. आणि आपल्या अंदाजाला जो तो थ्योरी म्हणणार. अंदाज म्हटला की घरगुती वाटतो, थ्योरी म्हटलं की त्याला चष्मा लागतो.

हिमांशूची थ्योरी अशी की मुखवट्यामागे राजाचा मेलेला भाऊ आहे आणि तो म्हातारीला मारायला आला आहे. ज्याला काही सुचत नाही तो मेलेला भाऊ उठवतो. दुसरा एक दिल्लीचा शहाणा म्हणे की मुखवट्यामागे राजाच आहे. दोघांचे चाहते व्हिडिओखाली भांडत होते. मी विचारलं, "अरे, पुढच्या वर्षी कळनच न?" तर हिमांशूने माझ्याकडे असं पाहिलं की मीच अडाणी.

आम्ही कीर्तनातली माणसं. आख्यान आम्हाला पाठ असतं. राजाचं पुढे काय होणार हे ठाऊक असतं, तरी महाराज जिथे थांबतात आणि पेटीवाला नुसता एक सूर धरून ठेवतो तिथे डोळे भरतातच. शेवट आधी कळला म्हणून कोणी मंडपात छाती फुगवत नाही. या लोकांना गोष्ट नकोच आहे. त्यांना फक्त "मी म्हटलं होतं" म्हणायचं आहे.

असो. खरी गोष्ट हर्षाची आहे.

हर्षा हिमांशूची धाकटी बहीण. अर्जुनीच्या कॉलेजात जाते. लहानपणापासून माझ्या मांडीला मांडी लावून कीर्तनाला बसलेली पोरगी. दिवाळीत हिमांशू घरी आला तेव्हा अंगणात आम्ही वालाच्या शेंगा सोलत होतो आणि तो फोनवर तोच तुकडा शंभराव्यांदा पाहत होता. हर्षाने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "दादा, हा मारायले नाई आला. मारनारा मानूस तलवार खाली ठेवून गुडघे टेकते का?"

"मंग का पूजा करून राहिला?"

"वाट पाहून राहिला. शाप तिनंच देल्ला, त उःशाप बी तिलेच द्या लागते. दुसऱ्या कोनाचा चालत नाई. म्हून त तिचं तोंड कोनीतरी शिवलं. तोंड उघडलं त उःशाप निघते, अन् शाप सुटला त कोनाची तरी गादी जाते. तिले मारलं त संपलंच मंग. तिचे टाके उसवा लागतीन."

मी शेंग हातात धरून तशीच बसले. हिमांशू हसला. "कीर्तन ऐकून ऐकून येडी झाली तू. मोठीमाय, सांग वो इले, तिकडे कोनी महाराज नसते."

तिकडे नसतील. इकडे मात्र शाप आला की उःशाप आलाच. ऋषी कितीही तापट असो, समोरचा पायावर पडला की ज्या तोंडाने जाळलं त्याच तोंडाने सोडवण्याची वाट सांगावी लागते. मागे एका महाराजांना वेळ पुरला नाही, एका बाईला शाप मिळेपर्यंत आख्यान आणून ते आरती लावायला निघाले. आमच्या शामकलाबाई भर मंडपात उठून उभ्या राहिल्या. "महाराज, त्या बिचारीले तसंच ठेवून जाता का?" महाराज खजील झाले, टाळकऱ्यांना परत उभं केलं, तिला सोडवलं आणि मग आरती झाली. असल्या गावात वाढलेल्या पोरीला दुसरी कोणती थ्योरी सुचणार?

दिवाळी झाली, हिमांशू गोंदियाला गेला. आठवड्याभरात हर्षा फोन घेऊन माझ्याकडे आली. तोंड उतरलेलं. फोनमध्ये हिमांशू निळ्या दिव्यांत बसून हिंदीत सांगत होता, "दोस्तों, रात-रात भर जागकर मैंने एक चीज पकड़ी है, जो पूरी दुनिया ने मिस कर दी." आणि मग शाप, उःशाप, शिवलेलं तोंड, गादी. टाके उसवायचे, मारायचं नाही, तेसुद्धा. शेंगा तेवढ्या सोडल्या होत्या.

खाली लोक नुसते पायावर लोळत होते. "भाई, दिमाग है या बिजलीघर?" "भाई, कंपनी को तुझे नौकरी देनी चाहिए." दिल्लीच्या शहाण्यानेसुद्धा मान तुकवली होती. ज्या माणसाला घरी दुधाखालचा गॅस वेळेत बंद करता येत नाही, त्याला तीन लाख लोक गुरू म्हणत होते. तीन लाख!

हर्षाने माझ्यासमोरच त्याला फोन लावला.

"दादा, नाव टाक न माझं. खाली एका ओळीत."

"तुझं नाव टाकून का होईन? चॅनल माझा, चेहरा माझा, एडिटिंग माझं."

"अन् गोष्ट?"

"गोष्ट त कंपनीची आहे."

तिने फोन ठेवला. मी म्हटलं, "जाऊ दे वो, कुठला तो खेळ, कुठली ती बुढी."

"तसं नाई, मोठीमाय. या घरात माझी कोनती गोष्ट माझ्या नावानं राहते, सांग. भाजी चांगली झाली त आईची शिकवन. मार्क आले त दादाच्या नोट्स. हे एक त मी एकटीनं, माझ्या डोक्यानं काढलं. मले त्याचे पैसे नोको. फक्त त्यानं बोलावं, का हे हर्षानं सांगितलं."

तिने मागितलं तरी काय होतं? एक ओळ.

धानाची मळणी आटोपली आणि आमच्याकडे सप्ताह बसला. काल्याच्या दिवशी सकाळी हिमांशू आला, भक्तीने नाही, बुंदीसाठी. मी त्याला मंडपाबाहेर गाठलं.

"हिमांशू, महाराज अभंग म्हनतात, तो कोनाचा?"

"संतांचा."

"वेळ कमी असला त मधलं कडवं सोडतात. घसा बसला त टाळकऱ्यावर टाकतात. पन ज्या चरनात संताचं नाव आहे तो चरन कोनी गिळलेला पाह्यला का तू? अख्खं गाव महाराजांच्या आवाजावर डोलते. नाव मात्र ज्याचं त्याचंच घ्या लागते."

"मोठीमाय, संतांचे कॉपीराइट कधीच संपले." स्वतःच्या विनोदावर तो खूश झाला. "अन् हर्षा का संत आहे?"

"नाई. जित्ती आहे. म्हून तिले आताच पाह्यजे."

"कोनाच्या बहिनीचं नाव टाकलं त लोक खाली का का लिहिते, तुले नाई माहीत. तिच्या भल्यासाठीच नाई टाकलं." बहिणीचं भलं करून तो पोरांच्या घोळक्यात जाऊन बसला. असलं भलं करणाऱ्यांचं तोंड फार गोड असतं.

काल्याचं कीर्तन रंगात आलं होतं. मृदंग चढला होता, आणि पुरुषांच्या बाजूला हिमांशू मांडीत फोन लपवून बसला होता. त्याच दिवशी ग्रेवेनमूरचा मोठा तुकडा येणार होता, ज्यात निम्मी गोष्ट उघड होते म्हणे. मी त्याच्याकडे पाहत होते, ही माझी चूक. देवाकडे पाहायचं सोडून. पण त्याचं तोंड असं पडलेलं दिसलं की मला नजर काढता येईना. फोन खिशात टाकून तो उठला आणि तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगामागे गेला.

शेजारी हर्षाने पदराआड तेच लावलं होतं. तिने मला दाखवलं. म्हातारीचे टाके तुटतात आणि तोंडातून किड्यांची झुंड निघते. खेळणारा योद्धा येतो, चार-पाच वार करतो, तिचं डोकं उडवतो. पायऱ्यांवरून ते टणटण करत खाली येतं. मग गुडघे टेकलेल्याचा मुखवटा गळतो आणि आत कोण? राजाचा मेलेला भाऊ. म्हातारीचा गुलाम झालेला. बस.

कोट्यवधी रुपये ओतून, शेकडो माणसं बसवून यांना सुचलं ते हे. जी गोष्ट हिमांशूला पहिल्या दिवशी, काहीही विचार न करता सुचली होती, ती. म्हातारीला एक शब्द बोलू दिला नाही. शामकलाबाई त्या कंपनीत असत्या तर काम बंद पाडलं असतं.

"खोटी निघाली माझी," हर्षा हळूच म्हणाली.

"हुकली म्हन. खोटी कायले?"

कीर्तन संपलं, हंडी फुटली, गोपाळकाला वाटला गेला, पंगती बसू लागल्या. मी बुंदीचं पातेलं घेतलं आणि हर्षाने वांग्याच्या भाजीची बादली. तेवढ्यात तिच्या मैत्रिणीचा, रुचिकाचा, फोन आला. "हिमांशूदादाचा नवा व्हिडिओ पाह्यला का? पाह्य पहिले."

मंडपाच्या खांबाला टेकून आम्ही दोघींनी पाहिला. मागे तणसाचा ढीग. आज निळे दिवे नव्हते. हिमांशू हात जोडून सांगत होता, "दोस्तों, गाली मत दो. वो उःशाप वाली थ्योरी मेरी थी ही नहीं. शुरू से ही मेरी छोटी बहन हर्षा की थी. उसने जिद की, मैं भाई हूँ, मान गया. मैं तो पहले दिन से बोल रहा था कि मुखौटे के पीछे भाई है."

नाव आलं. वाहवा होत होती तेव्हा ते त्याच्या तोंडात बसत नव्हतं. आता शिव्या वाटायच्या होत्या, तर पूर्ण उच्चार, छोटी बहन हर्षा. मला त्या क्षणी तो इतका लहान दिसला की राग धरायलाही जागा सापडेना. खाली लोकांनी काय लिहिलं होतं ते मी लिहिणार नाही, सप्ताहाचं अन्न पोटात आहे.

हर्षाने सगळं वाचलं. मला वाटलं रडेल. तिने बादली खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि त्या व्हिडिओखाली काहीतरी लिहिलं. मग परत भाजी वाढायला गेली.

पहिली पंगत अर्धी झाली असेल. हिमांशू पत्रावळी ओलांडत आला.

"डिलीट कर."

"काऊन? मीनं त तुले काई वाईट नाई लिहिलं."

"का लिहिलं, वाच."

तिने बादली न सोडताच पाठ म्हणून दाखवलं. "दादा खरं बोलते. थ्योरी सुरवातीपासून माझीच होती. तीन लाख लोकांनी वाहवा केली ती बी माझीच, अन् आता शिव्या देऊन राहिले त्या बी माझ्याच. मले अजून बी वाटते, त्या बुढीले बोलू द्या लागत होतं. हर्षा."

"तेच त! लोक मले विचारून राहिले, का तवा बहिनीचं नाव काऊन नाई घेतलं? म्हनते, रात-रात भर तू जागला का तिले जागवलं? चोर म्हनून राहिले मले. दिल्लीवाल्यानं त्याच्यावर व्हिडिओ टाकला."

"मंग तू तुझा व्हिडिओ काढून टाक. माझं नाव त त्याच्यात आहे."

"तो काढला त उःशापवाली थ्योरी परत माझ्याच मानेवर येते!"

"मंग राहू दे."

"हर्षा, चॅनल बसन माझा."

पंगतीतून नंदलालभाऊ ओरडले, "अवो पोरी, भांडन वाढून राहिली का भाजी? भात कोरडा आहे इकडे!"

"आली, काका." हर्षाने बादली उचलली. "सर दादा, मधात नोको उभा राहू."

ती पुढे गेली. हिमांशू तिथेच, दोन पत्रावळींच्या मधल्या जागेत उभा, मग कोणीतरी हात धरून त्याला खाली बसवलं. त्याच्यासमोरही पान पडलं. मी बुंदी घेऊन पोचले. प्रसाद वाढताना माणूस पाहता येत नाही, म्हणून दोन्ही मुठी भरून वाढली.

तो मान वर न करता म्हणाला, "मोठीमाय, तू सांग न तिले. तुझं आईकते ते."

"तिचं नाव घेऊन माफी माग. मंग पाहू," मी म्हटलं. "बुंदी घे अजून."