कळीचा चुना

दत्तोबाची डाळिंबाची अर्धी बाग करपली. परवा फवारणी, काल पानं काळी. उरलेल्या अर्ध्या बागेवर आज फवारलं नाही, तर तेल्या रोग फळं फोडणार.

चुना कुणी दिला?

थोरल्या जावेनं, बनाबाईनं. दत्तोबाच्या बायकोच्या, सारजाच्या डोक्यात रात्रभर तेवढंच.

निरवांगी गावात या दोघा भावांच्या घरांची रीतच होती: मोरचूद धाकट्यांनी आणायचा, चुना थोरल्यांनी, आणि वाटून घ्यायचं. मोरचुदाचं निळं पाणी एकटं पानं जाळतं; चुना त्याला निववतो. निवलं का, ते लोखंड बुडवून बघायचं. तांबडं पुट चढलं, तर फवारायचं नाही. सारजानं बघितलं होतं. पण विळा हाताशी नव्हता, म्हणून स्वयंपाकाची स्टीलची सुरी बुडवली. स्टीलवर काय चढणार? लख्ख निघाली.

उरलेल्या पाण्यात काल विळा घातला.

तांबडा.

म्हणजे चुना मेलेला. हवा खाऊन भुगा झालेला.

मेलेला, की मेलेलाच बघून दिलेला? बांधावरून दोघा भावांची तोंडं अजून वाकडीच होती.

निरोप गेला तशी बनाबाई पाटी घेऊन आली. आता खडे होते, दगडासारखे. इंदापुरातनं सकाळीच आणवले म्हणाली. सारजानं घमेलं पुढं सरकवलं. माझ्यासमोर विझवा, म्हणाली.

बनाबाईनं पाणी ओतलं.

काही नाही.

सारजा वाकली. आणखी वाकली. हाही मेलेलाच—

खडा तडकला. पाणी खदखदलं, वाफ उसळली, आणि बनाबाईचा पंजा सारजाच्या डोळ्यांपुढं आडवा आला. पांढरे शिंतोडे त्या पंजावर बसले.

"डोळं घालवतीस काय गं?"

सारजानं टाकीच्या नळीचं पाणी सोडलं. बनाबाईचा हात पाण्याखाली धरला, धरूनच ठेवला. कातडी लाल होत चालली होती.

"जाऊबाई, पयला चुना मेलेला हाय, ठावं हुतं तुमास्नी?"

"न्हाय." बनाबाईनं हात हलवला नाही. "पर ठावं असतं आन सांगितलं असतं, तर या बांधाच्या भांडणात तू माजं ऐकलं असतंस?"

सारजानं नळी जरा वर घेतली, मनगटावर.

"न्हाय," ती म्हणाली.

घमेल्यात चुना अजून शिजत होता. दोघी त्याच्याकडं बघत राहिल्या, लांबून.